वेलिंग्टनची बोट आणि आबांचा होकार

न्यूझीलंडात चांगली खातीपिती माणसं अनवाणी पायांनी दुकानात येतात, हे मी परत आल्यावर घरी सांगितलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "मग त्ये बघाय एवढ्या लांब कशाला गेलतीस? आपल्याकडं बी जात्यात की." पण जे गेले नाहीत त्यांना खरं सांगते, त्या देशात पाऊल ठेवल्यापासून मी एकामागून एक धक्केच खात होते. शेवटचा धक्का मात्र त्या देशाने दिला नाही. तो आमच्याच घरचा होता, एवढ्या लांब जाऊन बसलेला.

ही गोष्ट दोन हजार सालानंतरची, गावात एखाद्याच्याच खिशात मोबाईल वाजायचा तेव्हाची. आमच्या भागातल्या दूध संस्थांच्या लोकांसाठी अभ्यासदौरा निघाला होता. गडमुडशिंगीतल्या आमच्या महिला संस्थेची सेक्रेटरी म्हणून माझं नाव लागलं, सोबत घरच्या एकाला जागा होती. आमच्या ह्यांनाही यायचं होतं, पण म्हशीला परका हात चालत नाही. माझा हात गेल्यावर निदान ह्यांचा तरी गोठ्यात राहायला हवा होता. म्हणून दुसऱ्या जागेवर आबांना न्यायचं मी ठरवलं. आबा म्हणजे माझे सासरे.

त्यात माझा स्वार्थ होता, तो आधीच सांगून टाकते. विहिरीकडच्या रानात पंचवीस गाईंचा गोठा घालायचं माझ्या मनात कधीपासून होतं. रान आबांच्या नावावर. आणि विषय काढला की आबा एकच वाक्य म्हणायचे, "दावणीला मावतील तेवढीच जनावरं ठेवावीत." त्या वाक्यापुढे माझी बी. ए.ची पदवी, संस्थेतलं प्रशिक्षण, ह्यांची आर्जवं सगळं फुकट. म्हटलं, माणसाला प्रत्यक्ष दाखवावं. बाकीचे लोक तिथली कुरणं बघायला निघाले होते, मी आबांचा चेहरा बघायला निघाले होते.

ऑकलंड

विमानतळावरच आमची वरात थांबवली. शेतकरी आहात का, असं विचारलं, तर आम्ही सगळ्यांनी अभिमानाने हो म्हटलं. तिथेच चुकलं. परदेशातल्या शेताची माती, बियाणं, रोगराई आपल्याकडे येऊ नये म्हणून तिथे शेतकऱ्याला चोरापेक्षा जास्त तपासतात. जयसिंगपूरचे मगदूम अण्णा आमच्या गटातले सगळ्यात बोलके गृहस्थ. त्यांची शेंगदाण्याची चटणी गेली, दुधाची बर्फी गेली, माझ्या मेथीच्या लाडवांकडे तर त्या अधिकारी बाईंनी स्फोटक असल्यासारखं पाहिलं.

मग आबांच्या पिशवीतून राखुंडीची डबी निघाली.

"हे काय?" बाईंनी विचारलं.

"दात घासायची पूड."

"कशाची?"

खोटं बोलल्यास दंड, असं वर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं. मी म्हटलं, राखेची. कशाच्या राखेची? मी म्हटलं, गोवरीच्या. आणि गोवरी म्हणजे काय ते सांगितल्यावर बाईंनी हातमोजा घातलेला हातसुद्धा मागे घेतला. दुसरी एक बाई बोलावली गेली, मग एक साहेब आले. तिघं मिळून त्या डबीकडे बघत होते.

"ह्यास्नी इचार की," आबा म्हणाले, "हितली माणसं दात घासत न्हाईत व्हय?"

डबी गेली ती गेलीच. शिवाय आबांची पायताणं काढून आत नेली आणि बऱ्याच वेळाने धुऊन, औषध मारून, ओली निथळती प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणून दिली. आबांनी ती पिशवी उलटसुलट करून पाहिली. "अशी आंघूळ मला बी लगनातच घातली हुती," असं म्हणून ते मोज्यांवर बसकडे चालू लागले. मी लाजेने अर्धी झाले होते. आबा मात्र मजेत होते, आणि ते बघून मला जरा धीर आला.

बसची चालक एक बाई होती. जोआन तिचं नाव. पिकलेले केस, गुडघ्यापर्यंतची चड्डी, आणि आमच्या एकेका बॅगेला उशीसारखं उचलून पोटात ढकलणारे दंड. मगदूम अण्णा बराच वेळ खऱ्या ड्रायव्हरची वाट बघत बाहेर उभे राहिले. शेवटी तिने हॉर्न वाजवला तेव्हा ते चढले आणि पहिला तासभर समोरची दांडी घट्ट धरून बसले.

वायकाटो

इथे गाई आहेत आणि माणसं नाहीत. बस दोन-दोन तास चालते, दोन्ही बाजूंना पोपटी टेकड्या, त्यांवर काळीपांढरी जनावरं, आणि राखणीला एक पोरसुद्धा नाही. आपल्याकडे जनावरं अशी बिनराखणीची सोडली असती तर अख्खं गाव एकमेकांच्या पिकात शिरलं असतं.

ज्या शेतावर आम्हाला नेलं तिथे नवराबायको दोघंच तीनशेच्या वर गाई सांभाळत होती. माझे तर डोळे पांढरे झाले. जत्रेतल्या पाळण्यासारखा एक मोठा सिमेंटचा फिरता पाट, त्यावर गाई आपापल्या पायांनी चढतात, पाट फिरत राहतो, यंत्र धार काढतं, आणि फेरी पुरी झाली की गाय मागे सरून निघून जाते. कुणी हाक मारत नाही, कुणी शिवी देत नाही. आमच्याकडे पाच म्हशींची धार काढताना अख्खी गल्ली जागी होते.

"गोठा कुठाय?" आबांनी विचारलं. मी विचारलं. गोठा नव्हताच. थंडी असो, पाऊस असो, जनावर बारा महिने रानात.

"नावं काय हायत गाईंची?" मगदूम अण्णांनी विचारलं. नावं नव्हती, आकडे होते. प्रत्येकीच्या कानात पिवळा बिल्ला.

मग त्या घरच्या बाईने आम्हाला चहा दिला, आणि दुधाचा धंदा करणाऱ्या आम्हा सगळ्यांच्या देखत त्या चहात वरून गार, कच्चं दूध ओतलं. एवढं दूध पिकवणाऱ्या देशाला चहा उकळता येत नाही, हे बघून मला खरंच वाईट वाटलं. तो कसाबसा गिळताना कुणीतरी विचारलं, गोऱ्ह्यांचं काय करता? बाई गोड पाव कापत होती. न थांबता म्हणाली, "चौथ्या दिवशी ट्रक येतो. कत्तलखान्यात जातात."

मी भाषांतर करता करता अडखळले. पण शब्द तोंडातून गेलेच. आमच्यात एकदम कालवा झाला. "चौथ्या दिवशी? अजून नाळ वाळली नसंल!" "पाप हाय ह्ये!" "ह्यांच्या दुधाला हात लावू नगा!" मगदूम अण्णांनी तर कप खाली ठेवला, अर्थात चहा संपला होता. त्या बाईला भाषा कळत नव्हती, पण चेहरे कळले. तिचा हात सुरीवरच थांबला.

मला तिचा रागच आला. बयो, तुला कुणी एवढं खरं बोलायला सांगितलं होतं? माझा होकार बुडवलास ना! मी चोरून आबांकडे पाहिलं. आबा शांतपणे पाव खात होते.

बसमध्ये बसल्यावर मात्र ते म्हणाले, "बाई चांगली हाय. सोता धार काढती, सोता सांगती." आणि थोड्या वेळाने, "ह्यो फिरता पाट आपल्या रानात बसंल का गं?"

मी सीटवरून पडायचीच राहिले.

वेलिंग्टन

हे शहर कुणी आणि कशासाठी इथे वसवलं, हे मला अजून कळलेलं नाही. समुद्राला लागूनच डोंगर उभे, आणि त्या डोंगरांना घरं चिकटवलेली. पन्हाळ्याच्या घाटात कठड्याच्या बाहेरच्या बाजूला कुणी गल्ली वसवावी, तसा प्रकार. काही घरांना तर रस्ताच नाही. रस्त्यापासून दारापर्यंत रुळांवरून जाणारा एवढासा डबा. त्यात बसायचं, बटण दाबायचं आणि भाजीच्या पिशवीसह घरी जायचं.

"ही घरं कुणी टांगल्यात?" आबा म्हणाले. "आन भूकंप झाला तर?"

"होतो की, बऱ्याचदा होतो," जोआनने आरशातून हसत सांगितलं आणि एवढी मोठी बस एका अशा वळणावरून घेतली की आमच्या गटातल्या निम्म्या लोकांनी देवाचं नाव घेतलं. आपला एस.टी.चा ड्रायव्हर अशा वळणावर निदान दोन शिव्या तरी देतो. तेवढाच प्रवाशांना आधार वाटतो. ही बाई गाणं गुणगुणत होती.

डोंगरमाथ्यावर बस थांबली. खाली सगळं बंदर पसरलेलं, निळं, आणि वारा असा की दाराबाहेर पाऊल टाकताच माझा पदर माझ्या तोंडावर. आबा म्हणाले, "वारं लई हाय," आणि तेवढं बोलायला त्यांनी मान वर केली तर त्यांची टोपी उडाली. पांढरी टोपी बंदरावर उडत गेली, घार जाते तशी. आबा नुसते बघत राहिले. पन्नास वर्षांत बोडक्या डोक्याने चारचौघांत न आलेला माणूस! मला भीती वाटली की आता हे चिडतील आणि सगळ्या देशावर फुली मारतील. पण जोआनने आपल्या पिशवीतून एक लोकरीची निळी टोपी काढली आणि सरळ आबांच्या डोक्यावर बसवली, कानांवर नीट ओढूनसुद्धा. परक्या बाईने सासऱ्यांच्या डोक्याला हात लावला! मी हबकून बघत राहिले. आबा एवढे लाजले, की संध्याकाळपर्यंत त्यांनी ती टोपी काढली नाही.

अनवाणी माणसं मी इथेच पाहिली. दूध आणायला दुकानात गेलो, तर कोट घातलेला एक गृहस्थ, हातात गाडीची किल्ली, आणि पायात काहीच नाही. आबांनी आधी त्याचे पाय पाहिले, मग आपली पायताणं पाहिली. "ह्येची बी इमानतळावर ठेवून घेतली काय की," ते म्हणाले.

रात्रीच्या जेवणाला कोकरू होतं. मटण म्हटल्यावर आमच्या कोल्हापूरच्या मंडळींना हुरूप आला होता. आलं काय, तर आतून गुलाबी राहिलेला तुकडा आणि सोबत पुदिन्याचा गोड मुरंबा! रस्सा नाही. तांबडा नाही, पांढरा नाही, कुठलाच नाही. मगदूम अण्णा वेटरला हाताने वाटी दाखवून "रस्सा, रस्सा" म्हणत राहिले. शेवटी त्याने गरम पाण्याचा मग आणून दिला.

जेवण झाल्यावर आबा म्हणाले, "इहिरीकडचं रान तसं मोकळंच हाय."

घाई केली तर बिघडेल म्हणून गप्प राहिले.

"उद्या बोटीत बोलू," आबा म्हणाले. "मला जरा इचार करू दे."

बोट

दक्षिण बेटावर जायचं तर समुद्र ओलांडावा लागतो. मला वाटलं होतं, आपल्या नदीवरच्या नावेपेक्षा थोडी मोठी असेल. पाहते तर अख्खी वाडी तरंगत होती. तिने पोटाचं दार उघडलं आणि जोआनने आमची बस सरळ त्या पोटात घातली. मागून ट्रक आले, मोटारी आल्या, एका बाजूने तर रेल्वेचे डबे रुळांवरून आत शिरले. समुद्रात आगगाडी!

"सगळ्यांनी वर जायचं, बसमध्ये कुणी थांबायचं नाही," आमचा पुण्याचा टूर मॅनेजर कुलकर्णी ओरडत होता. आम्ही जिन्याकडे पळालो. पळालो याचं कारण खिडकीच्या जागा. वर पोचताच आमच्या मंडळींनी एस.टी.त टाकतात तसे रुमाल टाकले, टोप्या टाकल्या, मी तर शाल पसरून चार जागा धरल्या. तिथले लोक त्या शालीकडे बघून पुढे जात होते. मी एवढी खूश होते, की बोट सुटून बंदराबाहेर पडेपर्यंत शेजारच्या रिकाम्या खुर्चीचा अर्थच मला कळला नाही.

आबा नव्हते.

मगदूम अण्णांना वाटलं ते माझ्याबरोबर आहेत, मला वाटलं ते मगदूम अण्णांबरोबर. अण्णांनी संडास पाहिले. मी खाण्याची जागा पाहिली, मुलं खेळत होती ती खोली पाहिली, जिने पाहिले. बोट आता डोलायला लागली होती. माणसं भिंतीला धरून चालत होती, कुणी कागदी पिशवीत तोंड घातलं होतं. मी बाहेरच्या कठड्याशी गेले. वाऱ्याने दार उघडेना, अण्णांनी खांदा लावला. बाहेर पांढरं उकळतं पाणी आणि कठडा माझ्या छातीएवढासुद्धा नाही. मला काल उडालेली टोपी दिसली. मी इथे काय म्हणून आणलं या माणसाला? आपल्या एका गोठ्यासाठी? सासूबाईंपुढे जाऊन मी कुठल्या तोंडाने उभी राहणार होते?

मी रडतच मदतीच्या खिडकीशी गेले. म्हातारे आहेत, धोतर आहे, डोक्यावर निळी लोकरीची टोपी आहे. तिथल्या मुलीने आबांचं नाव सगळ्या बोटीवर पुकारलं. ते नाव तिच्या तोंडून असं काही निघालं, की स्वतः आबांनीही ओळखलं नसतं. कुणी आलं नाही. तिचा चेहरा बदलला. तिने फोन उचलला आणि मला विचारलं, "शेवटचं कुठे पाहिलंत?"

"बसमध्ये," मी म्हटलं.

समुद्रात असताना खाली गाड्यांच्या मजल्यावर कुणालाही जाता येत नाही. दारं बंद असतात. पण बोटीचा एक कर्मचारी आला आणि त्याच्याबरोबर एक धिप्पाड ट्रकवाला, ज्याचे हात गोंदणाने भरलेले होते. त्याला आपला माल बघायला तसंही खाली जायचं होतं. मला त्यांनी मागून यायला सांगितलं. जाड लोखंडी दार उघडलं. आत अंधूक दिवे, साखळदंडांचा खणखणाट, तेलाचा वास. आणि त्यात शेणाचा वास आला. तो वास आला आणि माझ्या जिवात जीव आला. म्हटलं, आबा असतील तर इथेच.

आमच्या बसच्या पलीकडे दुमजली ट्रक होता, गाईंनी गच्च भरलेला. त्याच्या पट्ट्यांमधून आबांनी हात आत घातला होता आणि एका काळ्यापांढऱ्या गाईची गळ्याखालची पोळी खाजवत होते. तोंडाने त्यांचं चाललं होतं, "हां बाई, हां. हलतंया, पर पडत न्हाय. उभी ऱ्हा."

"आबा!" मी किंचाळले. "जीव घेतला असता की माझा! वर का न्हाय आला?"

"हंबरत हुती," आबा म्हणाले. "कुणीतरी जाया नको?"

कर्मचारी नियम सांगत होता, मी माफी मागत होते, ट्रकवाला हसत होता. आबांनी त्याच्याकडे बोट केलं. "ह्येला इचार, कुठं निघाल्यात."

मी विचारलं. ट्रकवाला साधेपणाने म्हणाला, "कत्तलखान्यात. या रिकाम्या निघाल्या. यंदा गाभण राहिल्या नाहीत." वयाने सगळ्या तरण्या होत्या. दोन-तीन वेतांच्या.

मी आबांकडे वळले. "दुसऱ्या रानात चालल्यात, आबा."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. "पोरी, गाडीत चाऱ्याची काडी न्हाय. रानात न्यायाच्या जनावराला कोण उपाशी नेत न्हाय."

माझी मान खाली गेली. "व्हय, आबा. कसायाकडं."

त्यांनी हात बाहेर काढला, धोतराला पुसला आणि जिन्याकडे चालू लागले.

वर आलो. अण्णांनी आबांना मिठीच मारली. मी त्यांच्यासाठी चहा आणला, दूध वेगळं ठेवून. बाहेर आता वारा पडला होता, बोट दोन डोंगरांमधल्या अरुंद पाण्यात शिरली होती. दोन्हीकडे दाट झाडी, हिरवंगार पाणी, बाकीचे सगळे फोटो काढायला बाहेर पळाले. मी तिथेच बसून राहिले. होकार गेला, हे मला कळून चुकलं होतं. मी मनात गोठ्याची एकेक वीट उतरवत होते.

"सुनंदा," आबा म्हणाले, "त्या बाईला समदी पापी म्हणालासा न्हवं?"

"मी न्हाय म्हणाले."

"तू बी तोंड वाकडं केलतंस. मी बघितलं." आणि मग, "आपली तानी कुठं गेली?"

तानी आमची म्हातारी म्हैस. भाकड झाल्यावर दोन वर्षांपूर्वी विकली होती. माझ्या लग्नानंतर मी पहिली धार काढली ती तिचीच.

"इकली की, आबा. बाजारात."

"म्हंजी कुठं?"

दोन वर्षांत हा प्रश्न मला पडला नव्हता.

"मी न्हेली," आबा म्हणाले. "आपल्यात जनावर देताना दावं देत न्हाईत. दावं सोडायचं, खांद्यावर टाकायचं आन माघारी यायचं. यापाऱ्यानं आपली दोरी बांधली. त्यो कोण हाय, मला ठावं हाय. कुठं न्हेतोय, ते बी ठावं हाय. घरी आलो, तू पाय धुवाय पाणी दिलंस. दावं खुंटीला लावलंस. तू इचारलं न्हाईस, मी सांगितलं न्हाय. तुझ्या सासूनं बी जलमभर कधी इचारलं न्हाय. धार तुम्ही बायकांनी काढायची, नाव तुम्ही ठेवायचं, आन न्यायाचं म्या."

आबांनी चहाचा कप बाजूला सारला.

"दावणीला मावतील तेवढीच जनावरं, असं मी का म्हनतो? पाच म्हसरं असली की दोन वरसातनं एकदा न्यायाला लागतंय. तेवढं म्या कसंबसं करतोय. आधी दोन दिस जेवन जात न्हाय. तू पंचवीस म्हनतीस. पंचवीस झाल्या की गोऱ्हं धरून दर म्हयन्याला कोन ना कोन निघणार. ते माझ्यानं हुयाचं न्हाय. म्हनून न्हाय म्हनत हुतो. रानाचं काय घिऊन बसलीस?"

इतकी वर्षं मला वाटत होतं, आबा जुन्या वळणाचे आहेत, हट्टी आहेत, नव्याला भितात. मी ह्यांच्याजवळ त्यांच्या नकला करायचे. न्यूझीलंडची ती शेतकरीण पाव कापता कापता जे एका वाक्यात बोलून गेली, ते आमच्या घरात चाळीस वर्षं एक माणूस एकटा खांद्यावर घेऊन चालत होता, आणि मी त्याला पाय धुवायला पाणी देत होते.

"गोठा कर," आबा म्हणाले.

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली.

"कर. इहिरीकडचं रान घे. पर न्यायाचं काम तुझं. जी धार काढती, तिनंच न्यायाचं. त्या बाईगत. मग तुला किती जनावरं झेपत्यात त्ये तुझं तू ठरीव. हाय कबूल?"

ज्या होकारासाठी मी सात समुद्र ओलांडले होते तो माझ्यासमोर ठेवलेला होता, आणि मला तो उचलवेना. बाहेर मंडळी हसत होती, फोटोसाठी एकमेकांना ढकलत होती. चालकांनी आपापल्या गाड्यांकडे जावं, अशी सूचना झाली. जोआन उठून गेली, तिच्या मागोमाग तो गोंदलेला ट्रकवालाही.

"कबूल," मी म्हणाले आणि मला रडू फुटलं. आबांनी निळी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि माझं रडणं थांबेपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.

पिक्टन

लहानसं, चित्रात असावं तसं गाव. बस उतरली त्या चौकातच टेलिफोनची पेटी होती. माझ्याकडच्या कार्डावर थोडी मिनिटं शिल्लक होती. घरी सकाळची धार उरकली असणार, असा अंदाज करून मी नंबर फिरवला. ह्यांनीच उचलला.

"काय म्हनाले आबा?" बाकी काही विचारायच्या आधी हेच विचारलं.

"गोठा करा म्हणाले."

पलीकडे आरोळी झाली. सासूबाईंना बातमी गेली, शेजारी गेली असावी. मग ह्यांना माझा रडवेला आवाज ऐकू आला. "आगं, मग रडतीस कशाला?"

"हितनं फुडं जनावर इकायला बाजारात मी जाणार हाय."

ह्यांना हसूच आलं. "तू? बाईमाणूस कुठं जातंय जनावरांच्या बाजारात? आबा हायत की. आन आबा तर मला बी कधी संगं घेत न्हाईत. एकलंच जात्यात, तुला ठावं हाय न्हवं?"

"व्हय," मी म्हणाले, "म्हणूनच."